बायबल एकच आहे, मग ख्रिस्ती लोक देशोदेशी त्याचा अर्थ वेगळा का लावतात? ही संस्कृतीची भेसळ नाही का?

मी नगर जिल्ह्यातल्या प्रोटेस्टंट घरातला, बायबल लहानपणापासून मराठीतूनच ऐकलेलं. तुमच्या प्रश्नात एक गृहीत धरलंय की संस्कृती बाजूला ठेवूनही बायबल वाचता येतं. मला तसं वाटत नाही. उदाहरण म्हणून एकच गोष्ट घेतो.

लूकच्या 15व्या अध्यायात उधळ्या पुत्राची गोष्ट आहे. धाकटा बापाकडे वाटणी मागतो, पैसे घेऊन दूरदेशी जातो, सगळं उडवतो. तिकडे दुष्काळ पडतो, डुकरं राखायची वेळ येते, तेव्हा तो घरी परततो. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, पुष्ट वासरू कापतो. थोरला रागावून बाहेरच थांबतो.

पाश्चात्त्य प्रवचनांत भर बहुधा त्या मिठीवर आणि धाकट्याच्या पश्चात्तापावर असतो. आमच्या खेड्यातल्या माणसांचं लक्ष पहिल्याच वाक्यावर जातं. बाप धडधाकट असताना वाटणी मागितली! याचा अर्थ त्यांना कुणी समजावून सांगावा लागत नाही. बांधावरून कोर्टात गेलेले सख्खे भाऊ गावोगाव आहेत. पुढे ते विचारतात, धाकट्याचा हिस्सा तर त्याने उडवला, मग वासरू कुणाच्या हिश्शातलं? बाप थोरल्याला सांगतो, ‘माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे.’ म्हणजे मेजवानी थोरल्याच्या वाट्यातून निघाली. त्याचा राग नुसता मत्सर नाही, हे शेतकऱ्याला चटकन कळतं. भावाला घरात घ्यायचं तर आपल्या पदरचं जाणार, हा या गोष्टीतला अवघड भाग आहे, आणि तो मला पुस्तकांतून नाही, अशा लोकांकडून कळला. भर गावात म्हातारा बाप धावत सुटतो, यातली लाज सोडून केलेली माया आमच्या आज्या-आजोबांना वेगळी सांगावी लागत नाही.

दुष्काळाचंही तसंच. मार्क अ‍ॅलन पॉवेल या अमेरिकन अभ्यासकाने हीच गोष्ट विद्यार्थ्यांना वाचायला देऊन मग आठवेल तशी सांगायला लावली. अमेरिकेतल्या 100 जणांपैकी दुष्काळाचा उल्लेख केला फक्त 6 जणांनी. रशियात, सेंट पीटर्सबर्गमध्ये, 50 पैकी 42 जणांनी केला. त्या शहराने दुसऱ्या महायुद्धातल्या वेढ्यात उपासमारीने माणसं मरताना पाहिली होती. आमच्याकडे 1972 साली खडी फोडायला गेलेली, सुकडी खाऊन राहिलेली पिढी आहे. ती हे वाक्य गाळून पुढे जाणार नाही. मजकूर तिन्हीकडे तोच आहे.

श्रद्धेच्या भाषेचंही असंच होतं. कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचले, त्याला माउली म्हणून हाक मारली. देव आईसारखं सांत्वन करतो हे यशयाच्या 66व्या अध्यायात आहेच; पण वारकऱ्यांच्या मुलखात वाढलेल्या माणसाने ते किती मनापासून उचललं! पंडिता रमाबाईंनी मात्र उलट मार्ग धरला. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं भाषांतर करताना त्यांनी हिंदू तत्त्वज्ञानाची छटा असलेले शब्द कटाक्षाने टाळले. दोघंही मराठी, ब्राह्मण घरातली, संस्कृत जाणणारी. तेव्हा संस्कृती माणसाकडून ठरावीकच वाचन करून घेते, असंही मी म्हणणार नाही.

तुमची भेसळीची शंका मी उडवून लावत नाही. 1807 मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडिजमधल्या गुलामांसाठी एक बायबल छापलं गेलं. त्यात इस्राएल लोक मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटतात तो निर्गम या पुस्तकातला भाग गाळला होता, आणि दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावं हे इफिसकरांस पत्रातलं वचन ठेवलं होतं. दक्षिण आफ्रिकेत केपच्या डच रिफॉर्म्ड चर्चने 1857 मध्ये ‘काही जणांच्या दुर्बळतेमुळे’ गोऱ्यांना आणि इतरांना वेगवेगळं प्रभुभोजन घ्यायला मुभा दिली. पुढे वर्णभेदाला याच चर्चने बायबलचा आधार दिला.

म्हणून मी एक गोष्ट पाहतो: या अर्थाने झळ कुणाला बसते? वासराचा हिशेब वाचणाऱ्यालाच अडचणीत टाकतो. गुलामांसाठी कातरलेलं बायबल धन्याची सोय पाहतं.

आमच्याकडची सोय म्हणजे जात. नगरकडची बहुतेक मंडळी अस्पृश्य ठरवलेल्या समाजांतून आली, काही थोडी वरच्या जातींतून. ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी (ग्रीक), दास-स्वतंत्र असा भेद नाही, हे पौलाच्या गलतीकरांस पत्रातलं वचन आम्हाला पाठ असतं. तरी लग्नाच्या बोलणीत ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न हळूच येतोच. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अंत्युखियातला प्रसंग आहे. येशूचा शिष्य पेत्र परजातीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता. यरुशलेमकडचे यहूदी आले तसा तो त्या पंगतीतून मागे सरला, आणि पौलाने सगळ्यांदेखत त्याला तोंडावर सुनावलं. पंक्तिभेद म्हणजे काय हे ज्यांच्या आज्या-पणज्यांनी भोगलं, त्यांच्याइतका या उताऱ्याचा जाणता वाचक जगात कुठे मिळणार? तरीही या उताऱ्यावर आमच्या चर्चमध्ये झालेलं एकही प्रवचन मला आठवत नाही. ते व्हावं म्हणून मी आमच्या पाळकांच्या मागे लागलोय.