बेसलाइनला निघण्याआधी

प्रिय मुली,

यवतमाळच्या प्रकल्पात मूल्यमापनाचं काम तुझ्याकडे आलं, छान झालं. तू पाठवलेला बेसलाइनचा, म्हणजे प्रकल्प सुरू होण्याआधीच्या पाहणीचा, फॉर्म वाचला. 140 प्रश्न, आणि बायकांविषयीचे सगळे शेवटच्या दोन पानांवर. हे आधी बदल. तिथवर पोचेपर्यंत दीड तास जातो, बाईचा जीव चुलीपाशी असतो आणि सर्व्हेअर उरकायला लागतो. मग सगळीकडे एकच उत्तर येतं: "दोघं मिळून ठरवतो."

ते उत्तर बाई खोटं बोलते म्हणून येत नाही, प्रश्न मोघम असतो म्हणून येतं. "शेतीचे निर्णय कोण घेतं?" असं विचारूच नकोस. यंदा पऱ्हाटीचं बियाणं कोणतं घ्यायचं हे कोणी ठरवलं, कृषी केंद्रात कोण गेलं, कापसाचे पैसे कोणाच्या खात्यात पडले, मागच्या महिन्यात कोणाला न विचारता तुम्ही किती रुपये खर्च केले, असं एकेक विचार. फवारणीचंही तसंच. "फवारणी कोण करतं?" म्हटलं की नवऱ्याचं नाव येतं आणि रकाना भरतो. पण एका पंपाला पंधरा-सोळा लिटर पाणी लागतं. एकराला दहा पंप धरले तरी दीडशे लिटर झालं, आणि विहिरीवरून हंड्यानं ते वावरात बहुतेक वेळा बाईच आणते. फवारणीचे कपडे धुतेही तीच. हे दोन प्रश्न वेगळे विचारले नाहीत, तर सुरक्षेचं प्रशिक्षण फक्त पुरुषांना द्यायचं असं तुझाच अहवाल सांगेल.

वेळेबद्दल "साधारण किती तास काम करता?" हा प्रश्न फुकट जातो. कालचा दिवस पहाटेपासून पंधरा-पंधरा मिनिटांनी लिहून घे. शेतीतील महिला सक्षमीकरणाचा जो निर्देशांक 2012 पासून वापरात आहे, त्यात हीच पद्धत आहे. मजुरीचं आणि घरचं मिळून साडेदहा तासांच्या वर काम गेलं, तर त्या बाबतीत बाई सक्षम धरली जात नाही. लेकराला पाठीशी घेऊन निंदण चाललं असेल तर दोन्ही कामं नोंदव. आपल्या प्रशिक्षणानं तिच्या दिवसात दोन तासांची भर घातली आणि झोप तेवढी कमी झाली, तर तेही दिसलं पाहिजे.

आता यादी. सात-बारावरून नमुना काढलास तर बायका सुरुवातीलाच गळतात, कारण जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असते. शेतकऱ्याची विधवा वावर कसते आणि तुझ्या यादीत नसते, याहून मोठी चूक या जिल्ह्यात नाही. अंगणवाडी ताई आणि बचत गटाच्या सीआरपीला, म्हणजे गटांचं काम बघणाऱ्या गावातल्याच कार्यकर्तीला, बसवून घरोघरची यादी कर. कोलाम आदिवासींचे पोड म्हणजे पाडे, तांडा, गावाबाहेरची वस्ती त्यात हवीच. संख्येचं म्हणशील तर 95 टक्के विश्वासपातळी आणि 5 टक्के इकडेतिकडे चूक धरून 385 लोक येतात. गावं निवडून त्यांतली घरं घेणार असशील तर ही संख्या दीड ते दोन पट कर. बायकांचा आणि पुरुषांचा आकडा स्वतंत्रपणे सांगायचा असेल तर एवढे लोक दोन्हीकडे हवेत. एकूण 385 घेऊन नंतर त्यांचे दोन भाग पाडू नकोस.

हंगामही पक्का ठरव. बेसलाइन जूनमध्ये, घरात पैसा नसताना, आणि एंडलाइन, म्हणजे प्रकल्प संपतानाची पाहणी, जानेवारीत, कापूस विकल्यावर, असं झालं की उत्पन्न आपोआप वाढलेलं दिसतं. दोन्ही एकाच महिन्यात घे. वेचणीत दिवसा जाऊ नकोस. मजुरी किलोवर मिळते, तुझा तासभर तिच्या पदरातून जातो. संध्याकाळी सातनंतर जा, आणि मुलाखत 40 मिनिटांत संपव.

लॉगफ्रेममधला, म्हणजे प्रकल्पाची उद्दिष्टं आणि ती मोजायच्या खुणा मांडलेल्या तक्त्यातला, "बैठकीत 50 टक्के महिला" हा निर्देशक देणगीदाराला हवा आहे, तर राहू दे. पण प्रकल्पात स्त्री-पुरुष समानतेला किती स्थान आहे हे दाखवणारी ओईसीडी या देशांच्या संघटनेची 0-1-2 अशी श्रेणी आहे, तिच्यात 1 मिळवायलाही आधी लिंगभाव विश्लेषण आणि स्त्री-पुरुषनिहाय आकडे लागतात, नुसती हजेरी पुरत नाही. हजेरीपट उघडून बघ. दहा सह्या एकाच वळणाच्या दिसल्या तर थांब. शेजारी इतिवृत्त ठेव आणि मोज: किती मुद्दे बाईनं मांडले, त्यांतले किती ठरावात आले.

मारहाणीचा प्रश्न या सर्व्हेत घालू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं, एका घरातून एकाच बाईला विचारायचं असतं, आणि मदत कुठे मिळेल हे हातात असावं लागतं. तयारी नसताना विचारलं तर त्याची किंमत तिला रात्री मोजावी लागते.

पंधरा-वीस फॉर्म आधी शेजारच्या गावात भरून बघ. नंतर दर शंभरातले पाच ते दहा दुसऱ्या माणसाकडून पुन्हा तपासून घे, मोजके प्रश्न पुरतात. बायकांच्या मुलाखतीला बाई सर्व्हेअरच हवी, कोलामी बोलणारी एक तरी. आणि एक रकाना वाढव: मुलाखतीच्या वेळी जवळ आणखी कोण होतं? सासू उंबऱ्यात असतानाची उत्तरं आणि एकटीची उत्तरं वेगळी मांडून बघ, पैशांच्या प्रश्नात फरक सापडेल. सुधारलेला फॉर्म पाठवशील तेव्हा तो रकाना पहिल्या पानावर असू दे.

तुझी,
ताई