सोप्रानोचा पहिला माऊथपीस

अरे बाळा, तंबोरा आपल्या मिरजेत उत्तम मिळतो, पण सॅक्सोफोनचा माऊथपीस, म्हणजे तोंडात धरून फुंकायचा भाग, पुण्या-मुंबईला जाऊन स्वतः फुंकूनच घे. जाताना आपलाच सोप्रानो, म्हणजे वरच्या सुराचा छोटा सॅक्सोफोन, ने. टिप, म्हणजे माऊथपीसच्या टोकाची फट, फार उघडी नको. सोप्रानोत ओठ जरा हलले तरी सूर लगेच सरकतो. वरातीत मोठा आवाज हवा म्हणून मी सुरुवातीलाच तसला उघड्या टिपचा घेतला आणि वर्षभर बेसूर वाजवलं. तू यामाहा कंपनीचा ४सी मॉडेल घे, रीड (माऊथपीसला लावायची वेताची पातळ पट्टी) २ किंवा २.५ नंबरची. घरी नुसता माऊथपीस फुंकून बघ, पेटीच्या पांढरी एकच्या (C सुराच्या) आसपास सूर लागला पाहिजे. वर चढत असेल तर ओठ आवळतोयस, ढिले सोड. धातूचा आत्ता नकोच.