पैशाचं कधी बोलायचं? फ्रीलान्स लेखनाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की फ्रीलान्स लेखनाबद्दल काय विचारायचं ते विचारा, आणि मेलबॉक्स भरून गेला. गंमत म्हणजे चांगलं कसं लिहू असं जवळपास कोणीच विचारलं नाही. सगळे प्रश्न पैसे, क्लायंट आणि भीती यांच्याभोवतीचे. काही पत्रं एकसारखी होती म्हणून त्यांची एकच केलीत, आणि नावं कोणाचीच दिलेली नाहीत.

ताई, मी एका कंपनीत कंटेंट रायटर आहे. ऑफिस झाल्यावर रात्री बाहेरची कामं करते, सध्या दोन क्लायंट आहेत आणि दोघंही खुश आहेत. राजीनामा द्यावा असं रोज वाटतं पण घरचे म्हणतात वेडी आहेस का. काय करू?
— रात्रपाळीची लेखिका

घरच्यांना लगेच खलनायक करू नकोस गं. क्लायंट खुश आहेत हे छानच, पण मला सांग, त्यातला एक उद्या गेला तर बाहेरच्या कमाईतली किती जाईल? दोनच आहेत म्हणजे साधारण निम्मी जाणार, आणि मोठा गेला तर त्याहून जास्त. क्लायंट तुझ्यावर नाराज होऊनच जातो असं नाही, त्याचं बजेट कापलं जातं, तुझ्याशी बोलणारी व्यक्ती नोकरी सोडते आणि नवीन आलेली व्यक्ती आपली माणसं घेऊन येते. म्हणून राजीनाम्याआधी कुठलाही एक क्लायंट एकूण कमाईच्या निम्म्याच्या वर नाही इथपर्यंत ये.

दुसरं म्हणजे पैसे येण्याचा वेग. पगार ठरलेल्या तारखेला होतो, इथे आज विषय मान्य झाला, मग लेख लिहिलास, मग त्यांचे बदल आले, मग छापून आला, मग बिल, आणि बिलानंतर तीस दिवस, म्हणजे आज केलेल्या कामाचे पैसे दोन-तीन महिन्यांनी हातात पडले तर त्यात कोणाचाही दोष नसतो, पद्धतच तशी आहे. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा. हा आकडा घाबरवायला सांगत नाहीये, तो नसला की माणूस मिळेल त्या रेटला मिळेल ते काम घेतो आणि त्यातच अडकतो.

आणि एक, जे कोणी बघतच नाही. नोकरीचं अपॉइंटमेंट लेटर काढून नीट वाच. बाहेरचं काम करायला परवानगी लागते का, आणि नोकरीत असताना लिहिलेल्यावर कंपनी हक्क सांगते का, हे त्यात असतं. काही करारांत तो हक्क ऑफिसच्या वेळेबाहेरच्या लिखाणापर्यंतही ताणलेला असतो. तसं असेल तर रात्रीचं काम वाढवायच्या आधीच ते कळलेलं बरं.

रेट किती सांगायचा हेच कळत नाही. जास्त सांगितला तर काम जाईल आणि कमी सांगितला तर नंतर वाढवता येत नाही. शब्दावर घ्यायचे, तासावर की लेखावर?
— गोंधळलेला

आधी स्वतःसाठी तासाचा रेट काढा, तो क्लायंटला सांगायचा नाहीये. वर्षाचे 52 आठवडे, त्यातले सुट्ट्या, आजारपण, लग्नकार्य वगैरेचे सहा काढा, राहिले 46. दिवसाला आठ तास बसलात तरी बिल लावता येईल असं लिखाण साधारण चार तास होतं, बाकीचे मेल, फोन, नवीन काम शोधणं आणि पैसे मागणं यात जातात. 46 गुणिले 5 गुणिले 4, म्हणजे 920 तास. आता वर्षाला लागणारी रक्कम घ्या, त्यात टॅक्स, विमा, लॅपटॉप, इंटरनेट हे सगळं धरा कारण आता ते द्यायला कंपनी नाही, आणि 920 ने भागा. येईल तो आकडा बघून बहुतेकांना धक्का बसतो, कारण ते मनातल्या मनात पगाराला दोन हजार तासांनी भागत असतात.

हा आकडा हातात असला की शब्दावर की लेखावर हा प्रश्न निम्मा सुटतो. लेखाला किती तास लागतील ते बघा, गुणा, आणि एक ठोक रक्कम सांगा. मला स्वतःला ठोकच आवडतं. शब्दावर घेतलं की मुलाखती आणि संदर्भ शोधण्यात गेलेला वेळ कोणी मोजत नाही आणि आठशे शब्दांत बसणारं बाराशेत लिहायचा मोह होतो. तासावर घेतलं तर जो पटकन लिहितो त्यालाच कमी मिळतात, हे तर उलटंच झालं. फक्त ठोक सांगताना त्यात किती शब्द, किती मुलाखती आणि बदलांच्या किती फेऱ्या ते लिहा. दोन फेऱ्या पुरतात, तिसरीपासून वेगळे पैसे. हे आधी लिहिलं नाहीत तर "जरा एवढंच बदला ना" सातव्यांदा ऐकावं लागतं.

आणि समोरून "तुमचा रेट सांगा" आलं तर खुशाल उलट विचारा, या कामासाठी तुम्ही काय ठरवलंय? पुष्कळ जण सांगून टाकतात.

तीन लेख दिले, तिन्ही छापून आले, चार महिने झाले पैसे नाहीत. फोन केला की "बघतो" म्हणतात. चौथा लेख मागितलाय. संबंध बिघडतील म्हणून जोरात बोलता येत नाही.
— वाट बघणारी

चौथा लेख द्यायचा नाही, आधी हे ठरलं. भांडायचंही नाही. "आधीचं बिल क्लिअर झालं की लगेच सुरू करते" एवढं एक वाक्य मेलवर पाठवायचं. मेलवर, फोनवर नाही, कारण "बघतो" ची नोंद कुठेच राहत नाही.

मग हे बघा की तुम्ही बिल दिलंय का. हसू नका, "लेख पाठवलाय" हेच बिल समजणारे खूप आहेत. बिलाला नंबर लागतो, तारीख लागते, कशाचे पैसे ते लागतं, बँकेचे तपशील लागतात, आणि पैसे कधीपर्यंत द्यायचे ती तारीख लागते. नुसतं "तीस दिवसांत" लिहू नका, कॅलेंडरची तारीख टाका, कारण तीस दिवस कधीपासून यावरही वाद घालणारे आहेत. ज्या संपादकाशी तुमचं बोलणं होतं त्याच्या हातात बहुतेक वेळा पैसे नसतातच, ते अकाउंट्सच्या हातात असतात, आणि तुमचं बिल तिकडे गेलेलंच नसतं किंवा एखाद्या फॉर्मसाठी अडलेलं असतं. संपादकाला फक्त एवढं विचारा की अकाउंट्समध्ये कोणाला लिहू. अर्धी अडकलेली बिलं इथेच सुटतात. नाही सुटलं तर दर आठवड्याला त्याच मेलच्या खाली एक ओळ, रागाचा शब्द नाही, आणि महिन्याभरात उत्तर आलं नाही तर वकिलाची नोटीस किंवा लेखक संघटना असेल तर तिचं पत्र. संबंधांचं म्हणाल तर पैसे मागितले म्हणून तुटणारा संबंध चार महिने एकट्या तुम्हीच सांभाळत होतात.

पुढच्या कामापासून दोन गोष्टी आधी मागा. नवीन क्लायंट असेल तर अर्धे आगाऊ. आणि लेख मागवून नंतर नको झाला तर किल फी, ती ठरलेल्या रकमेच्या पाव ते अर्धी असते. मासिकांच्या धंद्यात हा जुना प्रकार आहे, मागितला म्हणून कोणी दचकत नाही.

क्लायंटने माझा लेख कुठल्यातरी एआय डिटेक्टरमध्ये टाकला आणि म्हणाला 80 टक्के मशीनने लिहिलंय, पैसे देणार नाही. मी एक ओळही एआयकडून घेतलेली नाही. सिद्ध कसं करू?
— वैतागलेला

वैताग येणारच. त्याला पहिल्यांदा हे सांगा की चॅटजीपीटी ज्यांनी काढलं त्या ओपनएआयने स्वतःचा असा डिटेक्टर जानेवारी 2023 मध्ये आणला होता, आणि त्यांच्याच चाचणीत त्याने मशीनचं लिखाण फक्त 26 टक्के वेळा ओळखलं आणि माणसाचं लिखाण 9 टक्के वेळा मशीनचं ठरवलं. त्याच वर्षी जुलैमध्ये अचूकता कमी म्हणून तो बंद केला. 2023 मध्येच स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले निबंध सात डिटेक्टरमधून काढले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंध मशीनचे ठरले. साधे शब्द आणि सरळ वाक्यं असली की हे डिटेक्टर संशय घेतात, म्हणजे जो स्वच्छ लिहायचा प्रयत्न करतोय तोच पकडला जातो. तुम्ही मातृभाषेत नाही तर नंतर शिकलेल्या भाषेत लिहीत असाल तर हे विशेष करून दाखवा.

पण नुसता वाद घालून पैसे येणार नाहीत, पुरावा लागतो. गूगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर व्हर्जन हिस्टरी उघडा, लेख कसा कसा वाढत गेला ते तारीख-वेळेसकट दिसतं, ते त्याला दाखवा. मुलाखतींची रेकॉर्डिंग, कच्च्या नोंदी, अर्धवट ड्राफ्ट काहीच डिलीट करायचं नाही, निदान पैसे जमा होईपर्यंत. आणि यापुढे कामाच्या मेलमध्येच विचारून घ्या की एआय चालतं का, कशासाठी चालतं, आणि शंका आली तर कशावरून ठरवणार. डिटेक्टरचा आकडा हाच शेवटचा शब्द असं कोणी म्हणालं तर ते काम मी घेणार नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

एआयमुळे कामं संपणार का असंही बऱ्याच जणांनी विचारलंय. कुठेही न जाता, कोणाशीही न बोलता लिहिता येतं अशी स्वस्त कामं कमी होतायत, ते दिसतंच आहे. फोन उचलून माणसाला प्रश्न विचारावा लागतो त्या कामाकडे सरका.

करारात "सर्व हक्क कायमचे कंपनीकडे" असं लिहिलंय. सही करू का? कॉपीराइट रजिस्टर केलेला नाही, मग तसाही माझा हक्क असतो का?
— सहीच्या आधी

असतो. कॉपीराइटबद्दलचा आंतरराष्ट्रीय बर्न करार 1886 चा आहे, जगातले बहुतेक देश त्यात आहेत, आणि त्यानुसार लेखनावरचा हक्क मिळायला रजिस्ट्रेशनची अट घालता येत नाही. मात्र कल्पनेवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो. तुमचा विषय घेऊन दुसऱ्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलं तर फार काही करता येत नाही.

सही करायची का हे लेख कुठला त्यावर आहे. एखाद्या कंपनीच्या प्रॉडक्टची माहिती लिहिताय तर देऊन टाका सगळे हक्क, त्याचं तुम्ही पुढे काय करणार आहात? पण स्वतःच्या अनुभवावरचा लेख, कथा, मोठी मुलाखत, ज्याचं उद्या पुस्तक होऊ शकतं, तिथे फक्त पहिल्यांदा छापण्याचा हक्क द्या, आणि ते नाही म्हणाले तर पुस्तकात वापरायची परवानगी तरी करारात घालून घ्या. आणि कुठल्याही करारात एक ओळ मागून बघा: हक्क पैसे पूर्ण मिळाल्यावर हस्तांतरित होतील. वाट बघणारीकडे ही ओळ असती तर पैसे दिल्याशिवाय तिच्या तीन लेखांचे हक्क त्यांच्याकडे गेलेच नसते.

मी कुठल्याही विषयावर लिहू शकतो. तरी काम का मिळत नाही?
— अष्टपैलू

कारण संपादकाला कुठल्याही विषयावर लेख नको असतो. दोन विषय निवडा आणि वर्षभर तेच धरा.

पंधरा संपादकांना मेल केले, एकाचंही उत्तर नाही. सोबत एक मेल जोडतेय, बघाल का?
— निराश

बघितला. मेलमध्ये तुम्ही लिहिलंय की तुम्हाला महिलांच्या आरोग्यावर लिहायला आवडेल. हा विषय झाला, लेख नाही. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या बायकांची झोप कशी विस्कटते, त्यावर एक डॉक्टर आणि तीन बायका बोलायला तयार आहेत, बाराशे शब्द, तीन आठवड्यांत देते, हा लेख झाला. तो आत्ताच का हवा आणि तुम्हीच का लिहावा हे दोन ओळींत सांगा (तुम्ही नर्स आहात हे तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलंय, ते वर आणा!). तुमची चार पानी ओळख काढून टाका. महिन्याचं मासिक असेल तर त्यांचे अंक बरेच महिने आधी ठरतात, तेव्हा पुढच्या आठवड्यातल्या दिवसाचं निमित्त धरून लिहू नका. दहा दिवसांनी एकदा आठवण करा, तरी उत्तर नाही आलं तर तीच कल्पना दुसरीकडे पाठवा. आणि पंधरा जणांना एकच मेल सीसीमध्ये टाकलात, सगळ्यांना सगळ्यांचे पत्ते दिसले, ते मात्र परत करू नका.