दाखला की दृष्टांत?

खानापूर तालुक्यातून एका संडे स्कूलच्या बाईंनी विचारलं आहे. मुलांकडून त्यांनी एक उपक्रम करून घेतला. आठवडाभरात घरात, शेतात, बाजारात जे दिसलं त्यातून शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एखादं वचन कसं उमगलं, ते प्रत्येकानं आपल्या शब्दांत लिहायचं. नाताळच्या कार्यक्रमात ते सगळं भिंतीवर लागणार आहे आणि वर फलक येणार आहे : 'रोजच्या जगण्यातले दाखले'. मंडळीतल्या एका शिकलेल्या तरुणानं हरकत घेतली. 'दाखला' हा कचेरीतला शब्द, त्यातून परकीय. चांगला 'दृष्टांत' हाताशी असताना तो कशाला? बाई विचारतात, बरोबर काय?

बाई, फलक बदलू नका. येशूच्या गोष्टींना आपल्या मराठी शास्त्रात म्हणतात तो दाखलाच बरोबर.

हा 'कचेरीतला शब्द' असा शेरा मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे आणि दर वेळी माझं डोकं तापतं. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, हे अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक आहेत, त्यावर वेळ घालवत नाही. आपल्या बेळगावच्या सीमाभागात हा शब्द जरा जास्तच कानावर पडतो हे खरं. नाडकचेरीतून कागद कन्नडमध्ये निघतो, पण रांगेतला माणूस 'दाखला मिळाला काय?' असंच विचारतो, आणि खिडकीपलीकडच्या कन्नड कारकुनाच्या तोंडीही 'दाखले' असतंच, फक्त त्याला त्यातून नोंद, दफ्तर, पुरावा एवढंच म्हणायचं असतं. पण कचेरीत वापरला म्हणून शब्द बाटत असेल तर 'उतारा'सुद्धा टाकून द्यावा लागेल. सोमवारी तलाठ्याकडे शेताचा उतारा मागायचा आणि रविवारी 'आजचा शास्त्राचा उतारा, लूक, अध्याय पंधरावा' म्हणायचं, यात कुणाला काही खटकल्याचं मी पाहिलेलं नाही.

परकीयपणाचं म्हणाल तर मराठी शास्त्र उघडून बघा. जकातदार आहे, खमीर आहे, पाप 'कबूल' करणं आहे. हे तिन्ही शब्द अरबी-फारसीतून आलेले. येशूचा शिष्य मत्तय स्वतः जकातदार होता. त्याचा हुद्दा संस्कृतात नेल्यानं त्याची साक्ष काही अधिक पवित्र होणार नाही. शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून आजपर्यंत ही शब्दांची झाडलोट चालू आहे. जे शब्द लोकांच्या जिभेवर मुरले ते त्यातून वाचले, आणि वाचले हे चांगलंच झालं.

आता 'दृष्टांत'. शब्द मोलाचा आहे, मराठीत त्याचं घराणं जुनं आहे. महानुभावांनी चक्रधरस्वामींचे दृष्टांत तेराव्या शतकात एकत्र केले. त्यात आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे त्या गोष्टीचा लावलेला अर्थ, अशी पक्की मांडणी आहे. पण बोलीत या शब्दाची वाट वेगळी झाली. आपल्या जिल्ह्यात 'सौंदत्तीच्या यल्लम्मानं दृष्टांत दिला' असं म्हटलं की देवी स्वप्नात आली, काही सांगून गेली, हाच अर्थ घेतात. मराठी शास्त्रानंही तोच अर्थ उचलला. प्रेषितांच्या कृत्यांत, दहाव्या अध्यायात, येशूचा शिष्य पेत्र यापो इथं घराच्या धाब्यावर प्रार्थना करत असतो आणि आकाशातून चार कोपरे धरून सोडलेली मोठी चादर उतरते, तिच्यात सगळ्या तऱ्हेचे पशू-पक्षी. तो दृष्टांत. पेत्राला तो झाला. तो त्यानं रचला नाही, निवडला नाही, आणि शेजाऱ्याला तो दिसलाही नाही. तुमच्या मुलांनी लिहिलं आहे ते सगळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींबद्दल. त्या फलकावर 'दृष्टांत' लिहिलंत तर वाचणारा विचारील, पोरांना स्वप्नं पडायला लागली काय?

'साक्ष' हा शब्दही हल्ली सरसकट फेकला जातो. आजार बरा झाला, नोकरी लागली, ती साक्ष. माझ्यावर जे घडलं ते मी मंडळीपुढे उभा राहून सांगतो. दाखल्याला 'मी' लागत नाही. मोहरीचा दाणा कुणाचाही असतो. 'बोधकथे'बद्दल एवढंच : बोधकथेच्या शेवटी तात्पर्य असतं. येशूच्या बहुतेक गोष्टींना ते नाही. पेरणाऱ्याचा अर्थ त्यानं शिष्यांना उलगडून सांगितला, निदणाचा, म्हणजे गव्हातल्या तणाचाही सांगितला, पण पुष्कळ ठिकाणी गोष्ट संपते आणि ऐकणारा तसाच उभा राहतो. कन्नड शास्त्रात याला 'साम्य' म्हणतात, म्हणजे सारखेपणा. अर्थ लागतो, पण दाखल्यातली गंमत त्यात नाही.

ती गंमत कशात आहे, ते आता सांगतो. खरं तर मला एवढंच सांगायचं आहे.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशापासूनचे मोठे कोश 'दाखला' अरबीच्या खात्यात टाकतात. त्या मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप १८६३ साली केला तो बाबा पदमनजींनी, आणि बाबांचा जन्म आपल्या बेळगावचा, १८३१चा. मोल्सवर्थची पहिली आवृत्तीही त्याच साली निघाली. कोशकार, ख्रिस्ती लेखक आणि बेळगावकर असे तिन्ही धागे एका माणसात गुंफलेले असताना या शब्दाचा विचार बेळगावात व्हावा हे योग्यच आहे. तर अरबी धातू आहे द-ख-ल, अर्थ आत शिरणं. त्यातूनच दाखल होणं, दखल घेणं, बेदखल करणं. (आणि 'दखल देणे' हा प्रयोग मराठीचा नाही. तो हिंदीतून आला आहे. मराठीत दखल घेतात, देत नाहीत.) फारसीच्या हाताला धरून हा शब्द बहामनी आणि आदिलशाही दफ्तरांतून इकडे आला : वहीत शिरलेली नोंद, नोंदीचा कागद, कागद म्हणून पुरावा. इथवर माझं कोशांशी भांडण नाही.

पुढे कुणी म्हणेल की पुराव्यावरून पूर्वीचं उदाहरण आणि उदाहरणावरून गोष्ट, असा अर्थ आपोआप सरकत गेला. हे मला मुळीच पटत नाही. आपोआप सरकायचा असता तर हिंदीतही सरकला असता. हिंदीत 'दाखिला' म्हणजे शाळेतला प्रवेश, बस. कन्नडमध्ये नोंद आणि पुरावा, बस. उदाहरण हा अर्थ ठसठशीतपणे मराठीत आहे, आणि गुजरातीत आहे. गुजराती माणूस 'उदाहरणार्थ' म्हणायला 'दाखला तरीके' म्हणतो, गणितालाही 'दाखलो' म्हणतो. मग मराठी-गुजरातीतच असं काय आहे जे हिंदी-कन्नडमध्ये नाही? 'दाखवणे' आहे! प्राकृतातल्या 'दक्ख'पासून, म्हणजे पाहण्यापासून, मराठीत 'दाखवणे' झालं, गुजरातीत 'दाखववुं' झालं. हिंदीनं 'दिखाना' केलं, तिथं 'दाख' राहिलाच नाही. कन्नडचा तर वंशच वेगळा. ज्या दोन भाषांत 'दाख' म्हणजे दाखवणं हे आधीपासून कानात बसलेलं होतं, त्याच दोन भाषांत अरबी 'दाखला' आल्याबरोबर लोकांनी त्यात दाखवणं ऐकलं, असं माझं मत आहे. आत शिरण्याचा शब्द आणि दाखवण्याचा शब्द इथं संगमासारखे मिळाले, आणि पुढे वाहणाऱ्या पाण्यात कुठलं कुणाचं हे वेगळं करता येत नाही.

म्हणून 'दाखला शुद्ध मराठी, दाखवण्यावरून आला' असं छातीठोक सांगणारेही चुकतात आणि 'अरबी' असा शिक्का मारून पान उलटणारेही चुकतात. पहिल्यांना दफ्तरांचा इतिहास माहीत नाही, दुसऱ्यांना मराठी माणसाचा कान. दुसऱ्यांवर माझा राग जास्त आहे, कारण शब्द कुठून आला हे नोंदवून ते थांबतात. इथं आल्यावर त्याचं काय झालं हे विचारतच नाहीत.

आणि आता पाहा, येशूच्या गोष्टींना हा शब्द किती अचूक बसतो. आधी दाखवायचं, मग आत घ्यायचं. याचा ठसठशीत नमुना जुन्या करारात आहे, २ शमुवेल, बारावा अध्याय. नाथान संदेष्टा दावीद राजापुढे येतो आणि एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगतो. गरिबाकडं एकच कोकरू, मुलांबरोबर वाढलेलं, त्याच्या ताटातलं खाणारं. शेजारच्या श्रीमंताकडं पाहुणा आला, तर त्यानं आपल्या कळपाला हात न लावता गरिबाचं ते कोकरू उचललं आणि रांधलं. दावीद संतापतो, त्या माणसाला मरणाची शिक्षा सांगतो. नाथान म्हणतो, 'तो मनुष्य तूच आहेस.' आपल्याच सैन्यातल्या उरीयाची बायको घेणारा, उरीयाला लढाईत मारवणारा राजा स्वतःच्याच गोष्टीत दाखल झाला होता, आणि निकाल देऊन होईपर्यंत त्याला ते कळलं नाही. उदाहरण देऊन हे झालं नसतं. राजाला उपदेश केला असता तर त्यानं दाराबाहेर काढलं असतं.

लूकचा पंधरावा अध्याय तर या शब्दासाठीच लिहिल्यासारखा आहे. सुरुवातीलाच जकातदार आणि पापी लोक ऐकायला जवळ येतात आणि परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी, बाहेरून कुरकुर करतात. मग हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं, आणि शेवटी उधळा पुत्र. आपण नेहमी धाकट्यापाशी थांबतो. झगा, अंगठी, पुष्ट वासरू इथवर येऊन उपदेश संपतो. गोष्ट मात्र थोरल्यावर संपते. तो शेतातून येतो, गाण्या-नाचण्याचा आवाज ऐकतो, चाकराला विचारतो, आणि अठ्ठावीसाव्या वचनात 'तो रागावला व आत जाईना'. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. पुढे थोरला आत गेला की नाही? लूक सांगत नाही. परूशी उंबऱ्यावर उभे आहेत आणि दाखला त्यांना विचारतो आहे, दाखल होणार का? ज्या भाषेत गोष्टीचं नाव आणि आत येण्याचं क्रियापद सख्ख्या भावंडांसारखे आहेत, त्या भाषेत हा अध्याय वाचायला मिळणं हे भाग्य आहे. ते हातानं पुसून 'दृष्टांत' कशाला लिहायचा?

बाईंनी मुलांच्या लिखाणातलं एक पान सोबत पाठवलं आहे, त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मुलानं लिहिलं आहे की त्याचे आजोबा कुरीनं, म्हणजे पाभरीनं, पेरतात. चाड्यावर मूठ धरली की दाणा नळीतून सरळ तासात पडतो, वाटेवर एकही जात नाही. मग शास्त्रातला पेरणारा वाटेवर, खडकावर, काट्यांत बी का टाकतो? त्याला पेरता येत नाही काय?

हा प्रश्न भल्याभल्या पाळकांना सुचलेला नाही. उत्तर असं की तिथं बी हातानं फोकत, म्हणजे मुठीनं उधळत, आपल्याकडं भाताचा तरवा टाकताना फोकतात तसं. मूठ उघडली की चार दाणे बांधावर जाणारच. पण मुलाच्या प्रश्नातला खरा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. कुरीनं पेरणारा जमीन आधी निवडतो. फोकणारा निवडत नाही. वाटेलाही तो बी देतो, खडकालाही देतो, आणि तरी शेवटी शंभरपट, साठपट, तीसपट पीक येतं असं मत्तयाच्या तेराव्या अध्यायात आहे. आजोबांच्या कुरीवरून हे पोर तिथवर पोचलं. त्यानं आधी शेत नीट पाहिलं आणि मग वचनात शिरलं. बाई, त्या पानाखाली त्याला कुणी तात्पर्य लिहायला लावू नका. प्रश्नावरच पान संपू द्या. येणारे पालक वाचतील आणि आपल्या घरच्या पेरणीवर वाद घालतील, तो घालू द्या.

तरुणाला माझा निरोप सांगा : 'दृष्टांत' त्यानं पेत्राच्या चादरीसाठी राखून ठेवावा, पुढच्या वेळी प्रेषितांची कृत्ये शिकवताना उपयोगी पडेल.

आणि फलकाच्या कच्च्या नमुन्यात खालच्या ओळीत 'दाखलांमधून शिकूया' असं आहे, ते मात्र दुरुस्त करा. आकारान्त पुल्लिंगी नाम आहे, घोडा-घोड्यांमधून तसं दाखला-दाखल्यांमधून. 'दाखल्यांमधून शिकूया' लिहा, आणि 'शिकूया'तला 'कू' दीर्घच ठेवा.