खुब्याचा सांधा बदलल्यावर वडिलांना मांडी घालून किंवा देशी संडासात बसता येईल का?

पहिले तीन महिने दोन्ही नाही, आणि नंतरही उकिडवं बसणं टाळलेलंच बरं. कमोडची सोय ऑपरेशनच्या आधीच करून ठेवा. मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून कारण सांगतो. कृत्रिम सांधा म्हणजे वाटीत बसवलेला गोळा. मागच्या बाजूने छेद घेतला असेल, तर खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकला आणि पाय आत वळला की तो गोळा निसटू शकतो. भोवतालचे स्नायू आणि आवरण भरून येईपर्यंत हा धोका सर्वांत जास्त. खरं तर मांडीपेक्षा जमिनीवर बसता-उठताना होणारं वाकणं जास्त घातक. पेशंट घरी चुकतात तेही अशाच वेळी: पडलेली चप्पल उचलताना, बुटक्या सोफ्यावरून उठताना. (पाहुण्यांसमोर वाकून नमस्कारही नको!) म्हणून:

- खुर्ची आणि पलंग गुडघ्यापेक्षा उंच हवेत. कमोड बुटका असेल तर वर उंचीची सीट बसवा
- कुशीवर झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी
- पायावर पाय टाकून बसायचं नाही

मात्र पुढच्या बाजूने छेद घेतला असेल किंवा ड्युअल मोबिलिटी प्रकारचा (गोळ्याभोवती आणखी एक फिरती वाटी असलेला) सांधा बसवला असेल, तर पथ्यं बरीच सैल असू शकतात. छेद कुठून घेणार आणि सांधा कोणता, हे सर्जनना ऑपरेशनआधीच विचारा. त्यांनी दिलेली मुदत माझ्या तीन महिन्यांपेक्षा वेगळी असेल तर त्यांचंच ऐका. पोटरी अचानक सुजली, दुखू लागली किंवा धाप लागली, तर मात्र पुढच्या तपासणीची वाट न पाहता लगेच हॉस्पिटल गाठा, कारण ती रक्ताची गुठळी असू शकते.