पोटातील पाण्याची गाठ : सुई की शस्त्रक्रिया?

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलीचे पोट चतुर्थीच्या दिवसांत एका बाजूने फुगलेले दिसले, म्हणून सोनोग्राफी केली. आतड्यालगत पाण्याने भरलेली, आत पडदे असलेली नऊ सेंटिमीटरची गाठ असून ती 'लिंफॅटिक मालफॉर्मेशन' असावी, असे अहवालात आहे. पोट न उघडता सुईने पाणी काढले की काम होते, असे शेजारी सांगतात. हे खरे का?
– एक माता, साखळी

उत्तर : लिंफॅटिक मालफॉर्मेशन ही गाठ कर्करोगाची नव्हे, हे आधी सांगतो. गर्भावस्थेत लसिकावाहिन्यांची, म्हणजे लसिका (लिंफ) हा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नलिकांची, जडणघडण बिघडली की त्यांत द्रव साचून पोकळ्या तयार होतात. पुढे संसर्गाने किंवा आत रक्तस्राव झाल्याने त्या एकाएकी फुगू शकतात. शेजाऱ्यांचे म्हणणे मात्र अर्धेच खरे आहे. नुसते पाणी काढणे म्हणजे झरे जिवंत असताना विहीर उपसणे. ती बहुधा पुन्हा भरते.

खरा उपचार पाणी काढल्यावर सुरू होतो. मुलाला भूल देऊन, सोनोग्राफीत पाहत, त्वचेतून गाठीत सुई नेतात, तिच्या वाटेने बारीक नळी बसवतात आणि फिकट पिवळा, कधी चक्क दुधासारखा पांढरा द्रव काढून घेतात. मग त्याच नळीतून डॉक्सिसायक्लिन किंवा ब्लिओमायसिन हे औषध सोडतात. त्याने पोकळीच्या अस्तराला दाह होतो, भिंती आक्रसून एकमेकींना चिकटतात आणि द्रवाला जागा उरत नाही. नंतर काही दिवस ताप, दुखणे आणि सूज येऊ शकते. पडद्यांमुळे कप्पे वेगवेगळे असतील तर प्रत्येकात सुई घालावी लागते, त्यामुळे एका खेपेत काम आटोपेल असे धरून चालू नका. आठ वर्षांखालील मुलांत डॉक्सिसायक्लिनमुळे दातांवर डाग पडण्याची, तर ब्लिओमायसिनमुळे फुप्फुसांना इजा होण्याची शक्यता तोलूनच औषध आणि मात्रा ठरते.

कप्पे मोठे असतील तर या उपचाराला चांगला गुण येतो. ते स्पंजासारखे बारीक असतील तर सुईचा फारसा उपयोग होत नाही. तेथे सिरोलिमस हे पोटात घ्यायचे औषध, रक्त वरचेवर तपासत, देता येते. गाठ आतड्यापासून सुटी करता येण्याजोगी असेल तर दुर्बिणीने, लहान छिद्रांतून, ती काढणे हा मार्ग मला अधिक सरळ वाटतो.

म्हणून एमआरआय करून बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) बालशल्यचिकित्सकांना दाखवा आणि कप्पे किती, केवढे, हे आधी विचारा. मुलीला हिरवी उलटी झाली किंवा पोट कडक होऊन असह्य दुखू लागले, तर आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा भेटीच्या तारखेची वाट न पाहता रात्र असली तरी थेट अपघात विभाग गाठा.