नाटक संपल्यावर प्रेक्षक टाळ्या का वाजवतात? न आवडलेलेही का वाजवतात?

आवडलं हे कारण आहेच, पण एकमेव नाही. टाळी लागण झाल्यासारखी पसरते. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१३ सालचा अभ्यास आहे. आपण कधी टाळी वाजवू लागतो, हे खोलीत आधीच किती जण वाजवताहेत यावर ठरतं, असं त्यात दिसलं. थांबतोही तसंच, इतरांचं पाहून. ही ताकद जुन्या लोकांनाही ठाऊक होती: रोमचा सम्राट नीरो आपल्या गाण्याला टाळ्या पडाव्यात म्हणून माणसं पदरी ठेवायचा, आणि एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या नाट्यगृहांत हा चक्क धंदा होता.

तरी दादरच्या शिवाजी मंदिरात एखादा हाउसफुल प्रयोग बघाच. पडदा पडल्यावरची टाळी रिवाजाची असते, कलाकारांच्या कष्टांची पोचपावती. ती द्यायलाच हवी. पण मला खरी वाटते ती मध्येच पडणारी. नट जोरकस वाक्य टाकून विंगेत जातो आणि बाल्कनीपासून कडकडाट होतो. रंगमंचावर उरलेला नट पुढचं वाक्य ओठांवर धरून थांबतो, टाळी ओसरायला लागली की मगच बोलतो. लवकर बोलला तर वाक्य बुडतं, उशीर झाला तर प्रसंग पडतो.